आमच्या आखाड्यावर आलेली स्थळं

आमच्या आखाड्याला कुंपण आहे, पण फाटकाला कुलूप नाही. त्यामुळे पाहुणे आणि किस्से दोन्ही न विचारता आत येतात. पाहुणे निदान चहा पिऊन जातात तरी. किस्से कायमचे मुक्कामाला राहतात, आणि चार बायका जमल्या की एकेक आपोआप पुढे सरकायला लागतो!

आखाडा म्हणजे कुस्तीचा नव्हे बरं का. आमच्या लातूरकडे शेतातल्या घराला आखाडा म्हणतात. निलंगा आणि देवणीच्या मधे आमचं गाव आणि गावापासून दोन किलोमीटरवर आमचा आखाडा. पत्र्याच्या चार खोल्या, पुढे ओसरी, बाजूला गोठा, मागे मी लावलेली भाजी. माणसं तीन. मी, आमचे मालक आणि माझे धाकटे दीर व्यंकट भाऊजी. जनावरं मोजायची नाहीत, दृष्ट लागते असं भाऊजी म्हणतात. पण देवणी गाई, त्यांची वासरं, एक शेळी, एक कोंबडा, डांबर नावाचा काळा कुत्रा आणि दोन मोठी पांढरी बदकं एवढं कुणालाही दिसतंच.

हे सगळे किस्से व्यंकट भाऊजींच्या लग्नाचे. भाऊजी बी.ए. झालेले, सुपारीचंसुद्धा व्यसन नाही, दिसायला चांगले. दोष एकच, शेती करतात! पोरीचा बाप स्वतः शेतकरी, त्याचा बाप शेतकरी, पण जावई मात्र पुण्यात कंपनीत पाहिजे. सासूबाई जाताना माझा हात धरून एवढंच म्हणाल्या होत्या, "व्यंकटचं तेवढं बघ गं." तेव्हापासून हे लग्न माझ्या मानेवर बसलेलं होतं. भाऊजींचं वय चौतीस झालं. बायोडाटात मी ते एकतीसवर थांबवून ठेवलं होतं.

आमच्याकडे मुलगी द्यायच्या आधी मुलीकडचे मुलाचं घर बघून जातात. बघून गेले ते गेलेच, असं आमचं बरीच वर्षं चाललं.

* * *

पहिलं स्थळ उदगीरकडचं. पाहुणे यायच्या आधी मी भाऊजींना ओसरीवर बसवून बजावलं, "भाऊजी, आज गाईबद्दल एक शब्द बोलायचा न्हाई."

"मग काय बोलू वहिनी?"

"इचारलं तेवढंच बोला."

पाहुणे आले. सुशीला खाल्ला. चुरमुरे भिजवून केलेला आमचा सुशीला खाऊन माणूस नरम पडतो, हा माझा अनुभव आहे. मुलीचे वडील नरम पडले आणि त्यांनी प्रेमानं विचारलं, "मग, दिवसभर काय करता?"

आता हा प्रश्नच गाईचा होता! भाऊजींनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि उठलेच. पाहुण्यांना घेऊन गोठ्यात गेले ते सव्वा तास बाहेर आले नाहीत. आले तेव्हा मुलीच्या वडिलांचा चेहरा असा खुलला होता की मी आत जाऊन साखरेचा डबा काढला. सोयरीक ठरली की आधी साखर वाटतात ना!

वडील म्हणाले, "पोरीचं मागाहून बघू. ती काळ्या ठिपक्यांची कालवड हाय ना, ती द्या आमाला."

"न्हाई जमणार," भाऊजी म्हणाले. "लहान हाय."

वडिलांचा आवाज चढला. "अवो, म्या माझी पोरगी द्यायला तयार झालो, अन् तुमी कालवड द्यायला तयार न्हाई?"

"तुमची पोरगी बी.ए. झाली, मामा. ही अजून आईला पिते!"

मी साखरेचा डबा परत फळीवर ठेवला.

* * *

सोयरीक जुळवण्याचं काम आमच्या गावचे तात्या करतात. तात्या आयुष्यभर एसटीत कंडक्टर होते. आता रिटायर झालेत, पण भाषा गेलेली नाही. स्थळ मोडलं की ते म्हणतात, "उतरलं. चला, पुढचं घेऊ."

आमच्या बदकांचं आणि तात्यांचं पटत नाही. भाजीत साप येतात म्हणून भाऊजींनी बदकं आणली. त्यांनी आजवर एकाही सापाला अडवलेलं नाही. माणूस मात्र धोतरवाला असला की संपलं! तात्या जन्मात धोतराशिवाय दुसरं नेसले नाहीत.

औराद भागातले पाहुणे घेऊन तात्या आले, त्या दिवशी मी बदकं कोंडायला विसरले. माझीच चूक. तात्या फाटकातून आत आले आणि दोन्ही बदकं माना लांब करून निघाली. तात्या सत्तरीचे, पण त्या दिवशी त्यांनी जी धाव घेतली! कडब्याची गंजी होती, तिच्यावर ते कसे चढले हे त्यांनाही सांगता येत नाही. बदकं खाली उभी. उतरायची सोय नाही.

तात्यांचा स्वभाव मोठा जबाबदारीचा. त्यांनी वरूनच बैठक सुरू केली.

"मुलगा निर्व्यसनी हाय!"

पाहुणे खाली उभे राहून माना वर करून ऐकत होते. "शेती किती?"

"पाण्याखालची हाय!"

एक बदक गंजीवर चढायला लागलं. नेमकं त्याच वेळी खालून कुणीतरी विचारलं, "अन् वय किती म्हणले मुलाचं?"

"चौतीस! चौतीस पूर्ण! आधी ह्याला धरा रं कुणीतरी!"

पाहुण्यांनी एकमेकांकडे बघितलं, मग हातातल्या बायोडाटाकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी बदकांकडे बघत राहिले.

* * *

हा किस्सा अगदी छोटा आहे. अहमदपूरकडची एक पार्टी आमचं घर बघायला तीनदा आली. मला वाटलं, बारकाईनं बघणारी माणसं आहेत, म्हणजे इरादा पक्का. पाहुण्याला रिकाम्या हातानं पाठवायचं नाही ही आमची रीत, म्हणून दर खेपेला मी मागची काटेरी वांगी, दोडके, हिरव्या मिरच्या असं बांधून द्यायचे.

तिसऱ्या खेपेला मुलीची आत्या गाडीतून उतरली तेव्हा तिच्या काखेत घरून आणलेल्या पाच रिकाम्या पिशव्या होत्या. ओसरीकडे न येता ती सरळ मागे गेली. जाताना म्हणाली, "पोरीचं औंदा कर्तव्य न्हाई हो. पण दोडके लई गोड हायत तुमचे!"

* * *

मधे माझी धाकटी बहीण पुण्याहून राहायला आली. तिला आखाडा फार आवडतो. सकाळी उठून "किती शांत आहे गं इथं!" म्हणते आणि दुपारी विचारते की कोंबड्याचा आवाज कमी करता येतो का. असो. बहिणीवर माझी माया आहे.

तिचं म्हणणं, आजकाल लग्नं मोबाईलवर जमतात. फोटो चांगला पाहिजे. आणि फोटोत गाय नको! भाऊजींच्या मोबाईलमध्ये स्वतःचे फोटो भरपूर होते, पण गाय नाही असा एक नव्हता. एकात तर भाऊजीच नव्हते, नुसती गाय होती. विचारलं तर म्हणाले, "म्या मागं हाय ना."

नवीन फोटो काढायला गेलो तर भाऊजी कॅमेऱ्यापुढे असे उभे राहिले, जसं काही पोलिसांनी आणलंय. शेवटी बहिणीनं एक जुना फोटो घेतला. त्यात ते गाईच्या गळ्यात हात टाकून मनापासून हसत होते. तिनं मोबाईलवरच गाय कापून टाकली. काम फार सफाईचं झालं. आम्ही तो फोटो सगळीकडे पाठवून दिला.

चार दिवसांनी मुखेडकडून फोन आला. एक बाई फार काळजीनं बोलत होत्या.

"मुलगा देखणा हाय हो. पोरीला बी पसंत हाय. पण खरं सांगा बरं, लपवू नका. त्याच्या कानामागं ते काय उगवलंय?"

मी फोटो मोठा करून बघितला. गाय गेली होती. शिंग राहिलं होतं!

* * *

येळवस म्हणजे वेळ अमावस्या. आमच्याकडे त्या दिवशी गावात चिटपाखरू नसतं, सगळे शेतात. कडब्याची कोप म्हणजे खोपटं करायचं, आत पांडवांची पूजा करायची, आणि मग सगळ्या भाज्या-शेंगा एकत्र शिजवलेली भज्जी, बाजरीचे वाफवलेले उंडे आणि माठातली ताकाची आंबिल. त्या दिवशी रस्त्यानं जाणाऱ्यालाही हाक मारून जेवू घालतात. आणि बोलावल्यावर न जेवता जाणं हा यजमानाचा अपमान.

त्या वर्षी सकाळी अकरा वाजता फाटकाशी एक जीप थांबली. पाच-सहा माणसं. काचेतून एकानं काहीतरी विचारलं. भाऊजींनी ते पुरतं ऐकूनही घेतलं नाही.

"पत्ता मग सांगतो. आधी उतरा!"

"अवो, आमाला जायचं हाय..."

"येळवसला उपाशी कसं जाऊ देऊ? उतरा म्हणलो ना!"

भाऊजींनी एकेकाला हाताला धरून उतरवलं. माणसं आधी अवघडली, मग भज्जीचा वास आला आणि मांडी घालून बसली. मीही पदर खोचून वाढलं. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी भज्जी फर्मास झाली होती. माणसं पोटाला तडस लागेपर्यंत जेवली. वर दोन-दोन तांबे आंबिल. आंबिल पोटात गेली की डोळे उघडे राहत नाहीत. सगळी पार्टी कोपीच्या सावलीत आडवी झाली ती चार वाजता उठली.

उठल्यावर त्यांच्यातले म्हातारे दचकून म्हणाले, "अरे, ते धोंडिबाचा आखाडा कुठं हाय? त्यांचा पोरगा हैदराबादला नोकरीला हाय म्हणं. आमी त्याचं घर बघायला निघालो होतो!"

धोंडिबा म्हणजे आमच्या पलीकडच्या शिवारातले. त्यांच्याकडे सकाळपासून पानं मांडून ठेवलेली. पाहुणे पोचले साडेचारला, आणि एकालाही घास उतरेना. येळवसच्या दिवशी जेवत नाहीत म्हणजे काय? धोंडिबांना वाटलं, पाहुण्यांना आपलं घर पसंत नाही. पाहुण्यांना वाटलं, यजमान भलतेच तापट दिसतात. दोन शब्द इकडचे, चार तिकडचे, आणि सोयरीक तिथंच मोडली!

दुसऱ्या दिवशी गावभर झालं, "व्यंकटचं जमंना म्हून त्यानं दुसऱ्याचं बी मोडलं." धोंडिबा दोन महिने आमच्याशी बोलले नाहीत. भाऊजींना सगळं सांगितलं तर त्यांचा एकच सवाल. "मग काय, उपाशी पाठवायचे होते का?"

* * *

एवढं हसून सांगते, पण एक संध्याकाळ अशी आली की मला हसू आलं नाही. भाऊजी हातपाय धुऊन ओसरीवर बसले आणि म्हणाले, "वहिनी, आता बास. म्या पुण्याला जातो. कंपनीत काम मिळतंय. नोकरीवाला झालो तर तुमचा बी घोर जाईल."

"अन् गाई?"

"दादाला एकट्याला झेपायच्या न्हाईत. देवणीच्या बाजारात नेऊ."

 मी आत जाऊन रडले. माणसानं स्वतःला दुसऱ्याच्या मापात बसवायला किती कापावं? पण अडवायचं कोणत्या तोंडानं? बायोडाटात वय कापणारी मीच होते.

भाऊजी पुण्याला गेले. गाई विकायच्या तेवढ्या मालकांनी लांबवल्या. आज मान दुखते, उद्या अमावस्या, परवा ट्रॅक्टर नाही! रोज संध्याकाळी भाऊजींचा व्हिडिओ कॉल यायचा. "वहिनी, जरा गोठ्यात चला." मग मी मोबाईल घेऊन एकेका गाईच्या तोंडापुढे उभी राहायची. भाऊजी तिकडून हाक मारायचे, आणि गाय मोबाईल चाटायची. भाऊजी ओरडायचे, "दिसंना झालं वहिनी, पुसा जरा!" असा मोबाईल मी एकेका कॉलला चारदा पदरानं पुसलाय.

बाराव्या दिवशी सकाळी फाटक वाजलं. बघते तर भाऊजी, खांद्याला बॅग. मी विचारलं, "काय झालं? कुणी बोललं का?"

"न्हाई वहिनी. माणसं चांगली हायत. पण सकाळी उठल्यावर हाक कुणाला मारावी, तेच कळंना."

मालकांची मान त्याच दिवशी बरी झाली.

* * *

त्यानंतर मी बायोडाटात वय खरं लिहिलं आणि गाईसकट फोटो लावला. सहा महिने कुणी फिरकलं नाही. मग एक दिवस तात्या आले, आणि गडबडलेले होते.

"भोकरचं स्थळ हाय. पोरीचं नाव रेणुका. वडील न्हाईत, मामानं सांभाळलं. शिवणकामाचं दुकान हाय तिचं स्वतःचं. पण वहिनी, घर बघायला पोरगी सोता येणार म्हणून राहिली! असं पॅसेंजर माझ्या गाडीत आजवर बसलं न्हाई."

मामांनी तिला म्हणे समजावलं होतं की आधी आम्ही बघून येतो. तर ती म्हणाली, "राहायचं मला हाय. बघायला तुमी कशाला?"

मला ती न बघताच आवडली, आणि म्हणूनच जास्त भीती वाटायला लागली.

बदकं सकाळपासून कोंडली. भाऊजींना इस्त्रीचा शर्ट घातला. भोकरहून येता येता त्यांना साडेचार वाजले. रेणुका जीपमधून उतरली, सरळ माझ्यापाशी आली आणि म्हणाली, "वहिनी, घर दाखवता?" तिनं न्हाणीघराची कडी आतून लावून बघितली. नळ सोडून बघितला. चुलीवरचं धुराडं बघितलं. मग स्वयंपाकघरात मला एकटीला गाठून हळूच विचारलं, "तुमाला करमतं का इथं?"

बावीस वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "करमतं गं. फकत बोलायला बाईमाणूस न्हाई."

ती बाहेर येऊन मामांशेजारी खुर्चीवर बसली. भाऊजी समोर. मी बजावलेलं असल्यामुळे ते प्रत्येक प्रश्नाला 'हाव' नाहीतर 'न्हाई' म्हणत होते. सुशीला संपला. बोलणंही संपलं. तात्या घसा खाकरायला लागले. हे स्थळही उतरणार असं मला दिसायला लागलं.

तेवढ्यात रेणुका भाऊजींना म्हणाली, "जरा चालून दाखवता का?"

मामा खोकले. "रेणुका!"

"मामा, मला सात जणांनी चालायला लावलं. एकानं तर दोनदा. तवा तुमी खोकलला न्हाई."

भाऊजी उठले. कान लाल झाले होते. ओसरी उतरले आणि फाटकापर्यंत चालत गेले. तिथून वळायचं आणि परत येऊन बसायचं, एवढंच काम! पण पाच वाजले होते, ती जनावरांच्या पाण्याची वेळ. भाऊजी चालताना दिसले तशा गोठ्यात गाई उठून उभ्या राहिल्या. एक हंबरली, मग सगळ्याच. वासरं दाव्याला ओढ द्यायला लागली. डांबर उठला आणि त्यांच्या मागे निघाला. त्याच्यामागे शेळी. भाऊजींनी एकदा ओसरीकडे बघितलं, एकदा गोठ्याकडे बघितलं, आणि गेले गोठ्यात.

पाच मिनिटं झाली. दहा झाली. आतून बादल्यांचे आवाज येत होते. भाऊजींना आपल्याला चालून दाखवायला सांगितलंय हेच आठवत नव्हतं!

मामा म्हणाले, "पळालं का काय पोरगं?"

मालकांनी माझ्याकडे बघितलं. मी हाक मारायला उठले, तर रेणुका म्हणाली, "बसा वहिनी." तिनं पदर कमरेला खोचला आणि एकटीच गोठ्याकडे गेली.

ओसरीवरून गोठ्याची फक्त भिंत दिसते. आम्ही चौघं त्या भिंतीकडे बघत बसलो.  मी मनातल्या मनात सासूबाईंना म्हटलं, मी सगळं नीट केलं होतं हो, ह्यांच्यापुढे माझं काही चालत नाही.

बऱ्याच वेळानं रेणुका आली. एकटीच. दोन्ही हात अंगापासून लांब धरून पायरीशी उभी राहिली.

मामांनी विचारलं, "काय गं? काय बोलला का पोरगा?"

"हाव. माझ्याकडं न बघताच म्हणले, वहिनी, धरा."

"काय धरा?"

"शेणाची पाटी."

मामा खुर्चीवरून उठलेच. "घर बघायला आलेल्या पोरीच्या हातात शेण? अन् तू काय केलीस मग?"

"धरली की!"